आतड्याची वाकळ

दोन वर्षांपूर्वी भालकीला भाचीच्या घरी गेलो होतो. तिचं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं. चहा ठेवून ती दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आली आणि मागच्या बारीक अक्षरांतल्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "मामा, हे न्यूक्लिओटाइड म्हणजे काय वो? शेजारच्या काकू म्हणतात, यानं लेकराची आतडी घट्ट होतात. माझ्या दुधात हे नसतं का?" शेवटचं वाक्य म्हणताना ती बाळाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

मी आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं: असतं. ते मी तिला लगेच दिलं. पण "मग ते आत जाऊन करतं काय?" या पुढच्या प्रश्नाला मराठीतून उत्तर देता देता दिवेलागण झाली, आणि तरी सगळं सांगून झालं नाही. हे पुस्तक त्या संध्याकाळी अर्धं राहिलेलं उत्तर आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, कमलनगर, आळंद या पट्ट्यात घरी मराठी, बाजारात कन्नड नाहीतर दखनी आणि दवाखान्यात इंग्रजी ऐकणारी माणसं राहतात. त्यांच्या पोटाविषयी त्यांच्या घरच्या भाषेत लिहिलेलं फार थोडं आहे. अंगणवाडीताई, आशाताई, नर्सिंग शिकणाऱ्या मुली आणि मराठी शाळांतले विज्ञानाचे गुरुजी यांना डोळ्यांसमोर ठेवून मी लिहिलं.

विषय वरून लहान दिसतो: अन्नातून येणारी न्यूक्लिओसाइडं आतड्याच्या पेशींच्या वाढीवर काय परिणाम करतात? त्याच्या आत शिरलं की मुंबईच्या गिरणीकामगार बायका भेटतात, संग्रहणीने घरं रिकामी झालेली दिसतात, कर्करोगाच्या औषधांनी तोंड सोलून निघालेले रुग्ण दिसतात आणि आपल्या स्वयंपाकघरातला तुरीचा कटही दिसतो.

सुरुवात आतड्यापासून करू. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात, एकेक जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर उंच. पुस्तकात त्यांना व्हिलाय म्हणतात, मी अंकुर म्हणणार आहे. आतड्याचा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असतो असं मी वर्षानुवर्षं शिकवलं. २०१४ मध्ये स्वीडनच्या हेलँडर आणि फँड्रिक्स यांनी नव्याने मोजमाप केलं, तेव्हा तो सुमारे ३० चौरस मीटर भरला, म्हणजे एका लहान घराच्या फरशीएवढा. तेही काही कमी नाही. पचलेलं सगळं अन्न याच फरशीवरून रक्तात जातं.

ही फरशी दर तीन ते पाच दिवसांनी बदलते. अंकुरांच्या पायथ्याशी खोल खळगे असतात, त्यांच्या तळाशी मूळपेशी असतात. त्या अखंड दुभंगत राहतात. नवी पेशी खळग्यातून वर सरकते, चढता चढता कामाला लागते, साखर फोडणारी विकरं तयार करते, अंकुराच्या टोकाला पोचते आणि गळून पडते. गळलेल्या पेशी अन्नाबरोबर खाली जातात, पचतात, त्यांच्यातलं पुष्कळसं पुन्हा शोषलं जातं. शरीरात इतक्या वेगाने नवं होणारं दुसरं अस्तर नाही.

हे कळलं कसं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शार्ल लेब्लाँ यांनी १९४८ मध्ये स्टीव्हन्स यांच्यासोबत उंदरांच्या आतड्याचं अस्तर सतत नवं होत असतं हे दाखवलं. तेव्हा दुभंगणाऱ्या पेशी मोजून हिशेब करावा लागला होता. दहा वर्षांनी त्यांच्या हाती नवं साधन आलं, किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं थायमिडिन. थायमिडिन हे डीएनए बांधायला लागणारं न्यूक्लिओसाइड. ते टोचलं की ज्या पेशी त्या वेळी दुभंगण्याच्या तयारीत आहेत त्याच ते उचलतात. मग फोटोच्या फिल्मवर त्या पेशी काळ्या ठिपक्यांनी उमटतात. पहिल्या तासांत ठिपके खळग्यात, पुढच्या दिवशी अंकुराच्या मध्यावर, दोन-तीन दिवसांनी टोकाशी. आतड्याची पेशी चालत वर जाते हे माणसाने डोळ्यांनी पाहिलं ते एका न्यूक्लिओसाइडमुळे. विद्यार्थ्यांना ती चित्रं दाखवताना वर्ग गप्प व्हायचा, हे मला अजून आठवतं.

आता हा शब्द उलगडू. डीएनए आणि आरएनए हे लांबलचक धागे, आणि त्यांच्या एका मण्याला न्यूक्लिओटाइड म्हणतात. मण्याचे तीन भाग: एक नायट्रोजनयुक्त बेस, एक पाच कार्बनांची साखर आणि फॉस्फेट. फॉस्फेट काढून टाकलं की बेस आणि साखर उरते, तेच न्यूक्लिओसाइड. ॲडेनोसिन, ग्वानोसिन, सायटिडिन, युरिडिन, थायमिडिन ही त्यांची नावं. ॲडेनिन आणि ग्वानिन हे दोन बेस प्युरीन कुळातले, बाकीचे पिरिमिडीन कुळातले. एवढं लक्षात ठेवलं तरी पुस्तक समजेल.

पेशी दुभंगायची म्हणजे तिला आपल्या डीएनएची दुसरी प्रत करावी लागते आणि त्यासाठी हे मणी लागतात. ते येतात कुठून? इथे मला आमच्या भागातली वाकळ आठवते. वाकळ दोन तऱ्हांनी होते म्हणा: कापूस पिंजून, सूत काढून, नवं कापड विणून, किंवा जुनी लुगडी, धोतरं फाडून, तुकडा तुकडा जोडून. पेशीकडेही हेच दोन मार्ग आहेत. पहिल्यात ती ग्लायसिन, ग्लुटामिन, ॲस्पार्टेट ही अमिनो आम्लं आणि फोलेटने आणून दिलेले एकेक कार्बन अणू घेऊन प्युरीन मुळापासून रचते. तयार केलेल्या फॉस्फेटयुक्त साखरेवर दहा पायऱ्यांनी ते पूर्ण होतं, आणि त्यातल्या कित्येक पायऱ्यांना एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्ची पडतं. दुसऱ्या मार्गात तयार बेस किंवा तयार न्यूक्लिओसाइड उचलून एका पायरीत मणी केला जातो. इंग्रजी पुस्तकांत या मार्गाला जहाज बुडाल्यावर माल वाचवण्याचा शब्द आहे. मी त्याला वाकळमार्ग म्हटलं आहे. आमच्या मुलींनी समुद्र पाहिलेला नसतो, वाकळ प्रत्येकीच्या अंगाखाली असते.

मुळापासून प्युरीन रचण्याचं काम शरीरात मुख्यत्वे यकृत करतं. आतड्याच्या पेशीची ती ताकद तोकडी, आणि मागणी मात्र सगळ्यांत मोठी. म्हणून ती तुकड्यांवर जास्त अवलंबून राहते: काही तुकडे यकृताकडून रक्तातून येतात, काही गळालेल्या पेशींमधून, काही ताटातून.

ताटातले तुकडे कसे येतात, हेही थोडक्यात सांगतो. जे अन्न पेशींचं बनलेलं आहे त्या प्रत्येकात डीएनए आणि आरएनए असतो. स्वादुपिंडाच्या रसातली विकरं ते धागे तोडून मणी सुटे करतात. आतड्याच्या अंकुरांवरची विकरं, विशेषतः अल्कलाइन फॉस्फेटेज, मण्याचं फॉस्फेट काढून घेतात. म्हणून आतड्याच्या दाराशी येतं ते बहुतांशी न्यूक्लिओसाइडच्या रूपात. त्याला आत घेणारी दारं दोन प्रकारची. एका दारातून ते सोडियमचा हात धरून आत जातं, दुसऱ्यातून जिकडे कमी तिकडे सरकतं. सोडियमचा हात धरणारं दार वाचकाच्या ओळखीचं आहे. साखर-मीठ-पाण्यात ग्लुकोज नेमकं असंच, सोडियमबरोबर, आत जातं. १९७१ च्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महलानबीस यांनी ज्या द्रावणाने हजारोंना वाचवलं, ते या एका तत्त्वावर उभं होतं.

प्रौढ माणूस रोजच्या जेवणातून साधारण एक ते दोन ग्रॅम न्यूक्लिक आम्लं खातो. आत गेलेल्यातला मोठा भाग आतड्याच्या पेशीतच मोडला जातो. प्युरीनचं शेवटी यूरिक आम्ल होतं आणि लघवीवाटे जातं. प्रयोगांत शरीराच्या ऊतींमध्ये शंभरातले दोन ते पाच भागच टिकलेले आढळले आणि तेही मुख्यतः लहान आतडं, यकृत आणि स्नायूंत. हा आकडा ऐकून काही जण म्हणतात, मग एवढ्याशा गोष्टीचं महत्त्व काय? मला वाटतं, महत्त्व कशावरून ठरतं हा खरा प्रश्न आहे. धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या माणसाला ताटातली न्यूक्लिओसाइडं नाही मिळाली तरी त्याचं काही अडत नाही. यकृत समर्थ असतं. म्हणून ती जीवनसत्त्वांच्या यादीत नाहीत आणि नसावीतही. पण वाढीचं वय, मोठा जुलाब, उपासमार, शस्त्रक्रिया यांपैकी काही असलं की मागणी वाढते आणि घरची निर्मिती कमी पडते. आहारशास्त्रात अशा घटकांना प्रसंगी आवश्यक म्हणतात. या पुस्तकाचं सगळं म्हणणं त्या "प्रसंगी" या शब्दावर उभं आहे.

पुरावा काय? काचेच्या भांड्यातला पुरावा आधी. कॅको-२ नावाच्या पेशी मूळच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातल्या, पण भांडं भरलं की त्या लहान आतड्याच्या पेशींसारख्या वागू लागतात. आयईसी-६ या उंदराच्या लहान आतड्यातल्या. १९९३ मध्ये हे, चू आणि वॉकर या तिघा संशोधकांनी दोन्हींना न्यूक्लिओटाइडं देऊन पाहिलं. वाढीवर आणि पक्वतेवर परिणाम दिसला, आणि पोषकद्रावातलं ग्लुटामिन काढून घेतल्यावर तो अधिक उठून दिसला. ग्लुटामिन म्हणजे नवं कापड विणायचं सूत. सूत तोडलं की तुकड्यांची किंमत कळते. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्याने प्रश्न योग्य ठिकाणी विचारला: भरल्या घरात नाही, टंचाईत.

पण भांड्यातल्या पेशींना रक्त नसतं, यकृत नसतं, जंतू नसतात. शिवाय सगळी न्यूक्लिओसाइडं एकसारखी वागतही नाहीत. ॲडेनोसिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकांना थेट संदेश देतं. ते केवळ बांधकामाचं सामान नाही. म्हणून "दिलं की वाढतं" असं सरसकट वाक्य या पुस्तकात कुठेही सापडणार नाही. उंदरांवरचा पुरावा एक पायरी जवळचा. १९९० मध्ये रिकार्डो उआउय आणि सहकाऱ्यांनी दूध तुटलेल्या उंदरांच्या पिल्लांना न्यूक्लिक आम्लांचे घटक मिसळलेलं अन्न दिलं. त्यांच्या आतड्याच्या अस्तरात प्रथिन आणि डीएनए वाढला, अंकुर उंच झाले, माल्टेज हे विकर वाढलं. त्याच वर्षी स्पेनमध्ये आंखेल हिल यांच्या गटाने जुनाट जुलाब झालेल्या उंदरांचं आतडं अशा अन्नावर अधिक चांगलं भरून येतं, असं मांडलं. माणसांच्या बाळांवरचा एक महत्त्वाचा अभ्यास चिलीत, गरीब वस्तीतल्या बाळांवर, ओस्कार ब्रुन्सर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला: न्यूक्लिओटाइडयुक्त पावडर मिळालेल्या बाळांना जुलाब कमी वेळा झाले. ही तुलना पावडर आणि पावडर यांची होती, पावडर आणि आईचं दूध यांची नव्हे. डबा हातात घेणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी मनात ठेवावं.

आता मुंबईकडे वळतो, कारण या विषयाचं मूळ माझ्या मते परळला आहे.

१९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा पंडुरोग दिसत होता, विशेषतः गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांत. रक्तातल्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने फुगलेल्या. विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम मांडलं. बायका काय खातात ते घरोघर जाऊन पाहिलं. अ आणि क जीवनसत्त्वं देऊन काही झालं नाही. शेवटी यीस्टचा अर्क, मार्माइट नावाने मिळणारा काळा चिकट पदार्थ, दिल्यावर रक्त भरू लागलं. १९३१ मध्ये त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलं. त्या अज्ञात द्रव्याला पुढे विल्स फॅक्टर म्हणत. १९४१ मध्ये टेक्ससमध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं आणि पानावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव पडलं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या गटाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे.

फोलेटचा आमच्या विषयाशी संबंध काय? थायमिडिनचा मणी मुळापासून करायचा तर युरिडिनच्या मण्याला एक कार्बन जोडावा लागतो, आणि तो कार्बन फोलेट देतं. फोलेट नाही म्हणजे डीएनएची प्रत अर्ध्यावर थांबली. पेशी फुगते, पण दुभंगत नाही. जिथे पेशी सगळ्यांत वेगाने दुभंगतात तिथे पहिला फटका बसतो: अस्थिमज्जेत आणि आतड्यात. गिरणीतल्या बायकांचं रक्त तपासलं गेलं म्हणून आजाराला रक्ताचं नाव पडलं. त्यांच्या आतड्यांतही तेच चाललं असणार असं मला वाटतं. ती कुणी पाहिली नव्हती, एवढंच. आणि आतडं खालावलं की अन्नातलं फोलेट शोषलं जात नाही, त्यामुळे आतडं आणखी खालावतं. हा फेरा तुटत नाही तोवर माणूस वाळत जातो. यीस्टच्या त्या अर्कात फोलेट होतं, आणि यीस्टच्या आरएनएचे तुकडेही होते. रक्त भरलं ते फोलेटमुळे. पण दोन्ही एकाच काळ्या बाटलीत होतं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

सुब्बाराव यांच्या घरी या फेऱ्याची ओळख होती. त्यांचे दोन भाऊ आठवड्याभराच्या अंतराने संग्रहणीने गेले, आणि ते स्वतः तरुणपणी त्याच दुखण्यातून वाचले. संग्रहणी हा शब्द आमच्या आजीच्या तोंडी होता. जुलाब थांबत नाहीत, जीभ लाल होते, खाल्लेलं अंगी लागत नाही, माणूस काडीसारखा होतो. इंग्रजीत तो ट्रॉपिकल स्प्रू. १९४५ नंतर टॉम स्पीज यांनी क्यूबात अशा रुग्णांना फोलिक आम्ल दिलं आणि रुग्ण भराभर सुधारले. त्यांनी आणखी एक धाडस केलं. फोलेटचं काम थायमीन घडवायचं असेल, तर सरळ थायमीनच दिलं तर? (हे थायमीन म्हणजे डीएनएमधला बेस, बी-१ जीवनसत्त्वाशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही.) रक्त सुधारलं, पण फोलेट मिलिग्रॅममध्ये पुरत होतं आणि थायमीन रोज कित्येक ग्रॅम द्यावं लागलं. उपचार म्हणून ते मागे पडलं. तरी तयार तुकडा बाहेरून दिला तर पेशी तो वापरते, हे माणसात दिसून गेलं.

याची उलटी बाजू कर्करोगाच्या वॉर्डात दिसते. बीदर-कलबुर्गीचे रुग्ण बार्शी, सोलापूर, हैदराबाद असे फिरतात. सुब्बाराव यांच्या गटातून पुढे फोलेटला अडवणारी औषधं आली, त्यातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. १९५७ मध्ये चार्ल्स हायडलबर्गर यांनी ५-फ्लुरोयुरॅसिल आणलं. ते थायमिडिनचा मणी होऊच देत नाही आणि आरएनएमध्ये खोट्या मण्यासारखं घुसतं. गाठीच्या पेशी थांबतात, पण त्यांच्याबरोबर आतड्याच्या खळग्यातल्या पेशीही थांबतात. पाच-सहा दिवसांत तोंडात फोड, पाण्यासारखे जुलाब. केमोथेरपीनंतर जुलाब का लागतात, हे नातेवाइकांना कुणी नीट सांगत नाही. जुनी फरशी गळून गेलेली असते आणि नवी तयार झालेली नसते, एवढंच ते कारण. या औषधाचा डोस चुकून फार झाला तर देण्यासाठी अमेरिकेत डिसेंबर २०१५ मध्ये एक तोंडाने घ्यायचं औषध मंजूर झालं, युरिडिन ट्रायअसिटेट. पोटात गेल्यावर त्याचं साधं युरिडिन होतं. खऱ्या मण्यांची गर्दी करून ते खोट्या मण्याला आरएनएमधून बाहेर ठेवतं. तोंडाने दिलेलं न्यूक्लिओसाइड माणसाच्या आतड्याला वाचवू शकतं, याचा याहून थेट दाखला माझ्या माहितीत नाही. पण तो औषधाच्या मात्रेचा दाखला आहे, जेवणाचा नव्हे.

जेवणाचा दाखला आपल्याकडे शोधायचा. आमच्या भागात जुलाब हा पावसाळ्याचा सोबती. पहिल्या पावसाने विहिरी, आडं गढूळ होतात आणि आठ दिवसांत दवाखान्याच्या बाकावर लेकरं दिसू लागतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथान यांनी १९६०-७० च्या दशकांत दाखवलं की दक्षिण भारतातल्या खेड्यांत, वरून निरोगी दिसणाऱ्या माणसांचेही आतड्याचे अंकुर आखूड आणि रुंद असतात. अस्वच्छ पाण्यातून वारंवार होणारा संसर्ग पेशी लवकर गाळतो, खळगे खोल होतात, आतड्याला सतत घाईने भरपाई करत राहावं लागतं. उपखंडात राहायला आलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या आतड्यांतही हे बदल दिसले, आणि मायदेशी गेल्यावर काही महिन्यांत भरून आले. म्हणजे हा वंशाचा दोष नव्हे, पाण्याचा आहे. मी हे मुद्दाम ठसवून सांगतो, कारण आमच्या गावची लेकरं जन्मतःच किरकोळ, असं म्हणणारे शिकलेले लोक मी पाहिले आहेत.

अशा आतड्याला जुलाब लागला की घरात पहिली आज्ञा निघते: पोट रिकामं ठेवा. माझ्या लहानपणी धाकट्या भावाला हगवण लागली होती. दोन दिवस त्याला काळा चहा आणि साबुदाण्याची पेज, बाकी काही नाही. साबुदाणा म्हणजे शुद्ध स्टार्च. त्यात प्रथिन नाही, पेशींचा अंश नाही, बांधकामाला लागेल असं काही नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या मायने, म्हणजे आजीने, कुणाला न विचारता तुरीच्या डाळीचा कट काढला, त्यात मीठ आणि हळद घातली आणि वाटीवाटीने त्याला पाजला. संध्याकाळी ज्वारीच्या कण्या. घरात त्यावरून बोलाचाली झाली. भाऊ आठवड्यात हिंडू लागला. एका लेकरावरून काही सिद्ध होत नाही हे मी जाणतो. पण तिने जे केलं ते आज जागतिक आरोग्य संघटना सांगते: जुलाबात खाणं तोडू नका, आईचं दूध तर मुळीच तोडू नका, साखर-मीठ-पाणी द्या आणि १० ते १४ दिवस जस्त द्या, सहा महिन्यांखालच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, मोठ्याला २०. जस्ताचाही डीएनएच्या कामात हात आहे. त्याचं प्रकरण वेगळं लिहिलं आहे.

तुरीच्या कटात काय असतं? डाळीचं दळ म्हणजे पेशीच. डाळ उकळली की तिच्यातली बरीच प्युरीनं पाण्यात उतरतात, थोडं प्रथिनही. गुळबर्ग्याच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आमचे लोक ते अभिमानाने सांगतात. मलाही तो अभिमान आहे. शाकाहारी घरात न्यूक्लिक आम्लांचा मोठा वाटा डाळी-कडधान्यांतूनच येतो. मोड आलेल्या मटकीच्या कोंबात पेशी झपाट्याने वाढत असतात. मांसाहारी घरात काळीज सगळ्यांत श्रीमंत, मग मासे. बाळंतिणीला, आजाऱ्याला पायाचा रस्सा, काळजाचे तुकडे देण्याची रीत बीदरच्या गल्ल्यांत आजही आहे. दूध आणि अंडं प्रथिनाने उत्तम, पण या बाबतीत गरीब, कारण त्यांत पेशी फार थोड्या. आणि फोलेटसाठी हिरवा पाला: अंबाडी, हरभऱ्याची भाजी, मेथी. पाला फार वेळ शिजवून त्याचं पाणी फेकलं की फोलेट त्या पाण्याबरोबर जातं. ही सवय मोडायला हवी, त्याला पैसा लागत नाही.

जनावरांचंही तेच आहे. देवणी गाय आमच्या मातीची. वासराला पहिल्या दिवशी चीक पाजायलाच हवा, हे कुणा शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गाईच्या दुधात न्यूक्लिओटाइडं व्याल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यांत जास्त असतात, मग झपाट्याने उतरतात आणि मुख्यतः ओरोटिक आम्ल उरतं. बीदरमध्ये पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. तिथल्या तरुण संशोधकांनी हा प्रश्न हाती घ्यावा असं मला मनापासून वाटतं: वासराचं दूध तुटतं त्या आठवड्यात त्याच्या आतड्याला काय हवं असतं, आणि ते आमच्या चाऱ्यातून, डाळीच्या चुणीतून किती भागतं?

गाईचं दूध पुढे न्यूक्लिओटाइडांनी गरीब होतं, म्हणूनच पावडरीत ती वरून घालावी लागतात. जपानमध्ये १९६५ पासून, स्पेनमध्ये १९८३ पासून ती घातली जात आहेत, आणि किती घालायची याचं माप आईच्या दुधावरून घेतलं. १९९५ मध्ये लीच आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या मातांचं दूध तपासलं तेव्हा बाळाला मिळू शकणारी न्यूक्लिओसाइडं सरासरी लिटरला १८९ मायक्रोमोल भरली, वजनाने सुमारे ७० मिलिग्रॅम. डबा ज्याची नक्कल करतो ते मूळ दूध भाचीचं बाळ अंगावर पीत होतं. ज्या बाळाला आईचं दूध खरोखर मिळू शकत नाही त्याच्यासाठी ही भर चांगली आहे, आणि अशा आईला डब्याबद्दल अपराधी वाटू देणं मला पाप वाटतं. पण दूध असलेल्या आईच्या मनात संशय पेरून डबा खपवणं वेगळं. त्याविरुद्ध आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे. तो आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांची जाहिरात करू देत नाही. आशाताईंना तो कायदा तोंडपाठ असावा, म्हणून त्याची मुख्य कलमं सोप्या मराठीत पुस्तकाच्या शेवटी घेतली आहेत.

एक इशाराही इथेच. ज्यांना गाऊट आहे, यूरिक आम्ल वाढलेलं आहे, त्यांनी प्युरीनयुक्त अन्न आणि बाजारातल्या न्यूक्लिओटाइडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. केमोथेरपी चालू असलेल्यांनी फोलिक आम्लाची गोळीसुद्धा मनाने घेऊ नये. काही औषधांचा सगळा जोर नेमका फोलेट अडवण्यावर असतो.

पारिभाषिक शब्दांबद्दल थोडं. न्यूक्लिओसाइडला संस्कृत प्रतिशब्द घडवता आला असता. मी घडवला नाही. उद्या तोच शब्द डब्यावर, औषधाच्या चिठ्ठीवर, नर्सिंगच्या पुस्तकात दिसणार आहे, आणि तो तिथे ओळखता यावा एवढीच माझी धडपड आहे. पण खळगा, अंकुर, वाकळमार्ग हे शब्द मी ठेवले, कारण ते वापरून समजावलं तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे लकाकले.

पहिल्या प्रकरणाचा कच्चा मजकूर मी भाचीला वाचून दाखवला. बाळ तेव्हा रांगू लागलं होतं आणि मधे मधे कागद ओढत होतं. लेब्लाँ यांच्या काळ्या ठिपक्यांपर्यंत ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मामा, मागच्या सोमवारी याच्या पोटात जे आतडं होतं ते आज नाही?" मी म्हटलं, अस्तर नाही, तू त्याला मधल्या दिवसांत जे पाजलंस, भरवलंस त्यातून नवं आलं. ती उठली आणि चुलीवरच्या डाळीत पळी फिरवून वरचा कट वाटीत काढू लागली.